घरातली जर्मन बंदूक : ओळख आणि जतन

श्रोतेहो, घरात जुनी बंदूक निघाली की आपल्याकडे दोन गोष्टी एकदम होतात. लहान मुले ती हातात घ्यायला धावतात आणि मोठी माणसे ती कुठे लपवावी याच्या विचाराला लागतात. तिसरी एक गोष्ट क्वचितच कोणी करतो. ती म्हणजे बंदूक वाचणे. ताम्रपट वाचतात, जुना फेरफार वाचतात, तशी बंदूकही वाचता येते. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन सैनिकी रायफल तर फारच बोलकी. तिच्या अंगावर कारखाना, साल, तपासनीसाचा शिक्का, क्रमांक असे सारे कोरलेले असते. आजचे बोलणे ते कसे वाचावे आणि वाचून झाल्यावर त्या वस्तूचे काय करावे याबद्दल आहे.

आता तुम्ही म्हणाल, ठाणे-कल्याणच्या माणसाला जर्मन बंदुकीशी काय कर्तव्य? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आज ज्याला आपण उल्हासनगर म्हणतो ते युद्धकाळात कल्याणचे लष्करी ठाणे होते. मुंबई बंदरातून येणाऱ्या-जाणाऱ्या फौजा तिथल्या बराकींत उतरत. जवळच नेवाळीला विमानांसाठी धावपट्टी केलेली होती. युद्ध संपले, फाळणी झाली, आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासितांचे संसार मांडले गेले. १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. अजूनही तिथली माणसे पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच सांगतात.

लढाई संपल्यावर कांबळी, बूट, पाण्याच्या बाटल्या, पेट्रोलचे चपटे डबे असे लष्करी सामान बाजारात आले. त्या चपट्या डब्याला आपण जेरीकॅन म्हणतो. इंग्रज शिपाई जर्मनाला तुच्छतेने ‘जेरी’ म्हणत. डबा मूळचा जर्मन घडणीचा; इंग्रजांनी तो आफ्रिकेच्या वाळवंटात पाहिला आणि नक्कल केली. तेव्हा जर्मन युद्धाची खूण शोधायची तर ती बहुधा तुमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात रॉकेल भरून उभी असेल! बंदूक ही त्या मानाने फार दुर्मिळ.

म्हणून पहिला प्रश्न हाच, की ही बंदूक खरोखर जर्मन आहे का? खेड्यात कुठल्याही लांब, खिट्टी ओढून भरायच्या बंदुकीला ‘माउझर’ म्हणून मोकळे होतात. माउझर हे दोघा भावांचे आडनाव. जर्मनीत नेकार नदीकाठी ओबर्नडॉर्फ नावाचे गाव आहे, तिथे पॉल आणि विल्हेल्म माउझर यांनी बंदुकीची अशी खिट्टी तयार केली की पुढे निम्म्या जगाने ती उचलली. १८९८ साली जर्मन सैन्याने घेतलेला नमुना इतका पक्का निघाला की १९३५ साली त्याचीच नळी आखूड करून नवी रायफल केली. तिला ‘९८ क’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पायदळाच्या खांद्यावर होती ती हीच. तिच्या १ कोटी ४० लाखांहून अधिक प्रती निघाल्या. लांबी १११ सेंटिमीटर, वजन चार किलोच्या आसपास, पोटात पाच काडतुसे, काडतूस ७.९२ मिलिमीटर मापाचे. आपल्या पलटणींच्या हातातल्या .३०३ रायफलीत दहा काडतुसे मावत.

आपल्या मुलखात जी ‘माउझर’ निघते ती पुष्कळदा शिकारीची असते. संस्थानिक, इनामदार, बडे वकील यांनी मुंबईच्या दुकानांतून परवान्यावर घेतलेली. ती वेगळी ओळखता येते. शिकारी बंदुकीचा लाकडी भाग नळीच्या मध्यावरच संपतो, आणि तिला संगीन अडकवायची खुंटी नसते. सैनिकी रायफलीचे लाकूड बरेच पुढपर्यंत जाते, पुढे संगिनीची खुंटी असते, नळीखाली पुसण्याची सळई असते, आणि निशाणाच्या पट्टीवर १०० पासून २००० मीटरपर्यंत आकडे असतात. दोन हजार मीटरवरचा माणूस उघड्या डोळ्यांनी दिसत नाही, मग हे आकडे कशाला, असे कोणी विचारील. ती सेनापतींची जुनी हौस. पलटणच्या पलटण एकदम दूरवर गोळ्यांचा पाऊस पाडील या कल्पनेतून ते आकडे आले आणि कल्पना गेल्यावरही राहिले.

आणखी एक शक्यता ध्यानात ठेवा. आपली माणसे जर्मनांशी लढली तशीच मलाया-ब्रह्मदेशात जपान्यांशी लढली. तिकडची बंदूक असेल तर नळीच्या मुळाशी सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे फूल असते. ती बादशहाची खूण. शरणागतीच्या वेळी जपान्यांनी पुष्कळ बंदुकांवरचे फूल कानशीने घासून टाकले. फुलाच्या जागी नुसता ओरखडा असला तरी तो ओरखडाच साक्ष देतो.

आता बंदूक जर्मन निघाली असे धरू. ती पाहताना पहिला नियम असा, की कोणतीही बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. ऐंशी वर्षांपूर्वीचे काडतूस मेलेले असेल असे मानू नये. खिट्टी आपण ओढू नये, चापाला बोट लावू नये, तोंड माणसाकडे किंवा गुराकडे करू नये. ती उघडण्याचे काम जाणत्याचे, आणि तो जाणता म्हणजे पोलीस ठाण्यातला शस्त्र जाणणारा माणूस किंवा परवानाधारक बंदूकविक्रेता. शिक्षकांनी वर्गात बंदूक आणू नये हे सांगायला नकोच. तिचे चित्र पुरते.

वाचायला सुरुवात करावी ती नळी जिथे खिट्टीच्या घराला मिळते तिथून. त्या जागी वरच्या अंगाला तीन अक्षरे आणि एक आकडा असतो. उदाहरणार्थ ‘बीवायएफ’ आणि त्याखाली ‘४३’. आकडा म्हणजे साल, १९४३. अक्षरे म्हणजे कारखान्याचे गुप्त नाव. शत्रूच्या हाती बंदूक पडली तर कोणता कारखाना किती माल काढतो ते कळू नये, म्हणून जर्मनांनी अशी टोपणनावे दिली होती. आज ती सगळी उलगडली आहेत. ‘बीवायएफ’ म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना. त्याआधीच्या बंदुकांवर त्याच कारखान्यासाठी ‘एस ४२’ किंवा नुसता ‘४२’ असे. हा आकडा पाहून साल १९४२ धरू नका. पुष्कळ जण तिथेच चकतात. ‘बीएनझेड’ म्हणजे ऑस्ट्रियातले श्टायर. ‘डीओटी’ म्हणजे चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातला कारखाना, जो जर्मनांनी देश बळकावल्यावर आपल्या कामाला जुंपला.

या ब्रनोची एक गंमत ऐका. आपल्या पलटणीतला शिपाई जी ‘ब्रेन’ मशीनगन वापरी, तिच्या नावातले पहिले दोन वर्ण ब्रनोचे आणि पुढचे इंग्लंडातल्या एन्फिल्डचे. मूळ रचना ब्रनोची, इंग्रजांनी ती युद्धापूर्वी विकत घेतलेली. म्हणजे इटलीतल्या एखाद्या टेकडीवर मराठा शिपायाच्या हातातली ब्रेन आणि समोरच्या जर्मनाच्या हातातली ‘डीओटी’ रायफल या एकाच गावाच्या लेकी.

सगळ्याच अक्षरांमागे गंमत नाही. ‘बीसीडी’ ही अक्षरे दिसली तर तो वायमार गावचा गुस्टलॉफ कारखाना. वायमार म्हणजे कवी ग्योटेचे गाव. त्या गावाबाहेरच्या टेकडीवर बुखेनवाल्डची छळछावणी होती, आणि १९४३ पासून या कारखान्याची एक शाखा छावणीला लागूनच चाले. कैद्यांकडून तिथे बंदुकांचे काम करून घेत. ऑगस्ट १९४४ मध्ये दोस्तांच्या विमानांनी ती शाखा उद्ध्वस्त केली, त्यात कैदीही मेले. अशी बंदूक हातात आली तर तिच्या पोलादाची तारीफ करण्यापूर्वी क्षणभर थांबावेसे वाटते.

खिट्टीच्या घराच्या उजव्या अंगाला गरुडाचे लहान शिक्के असतात. ते तपासनीसाचे. एखाद्या गरुडाच्या पायाखाली नाझींचे स्वस्तिक दिसते. आपल्याकडे स्वस्तिक दारावर काढतात, त्यामुळे खेड्यातला माणूस गोंधळतो. कोणी त्याला शुभचिन्ह समजून कुंकू लावतो. कोणी उलट, लाज वाटून ते घासून काढतो. दोन्ही करू नये. ते चिन्ह तिथे का आहे हे मुलांना सांगावे, आणि आहे तसे राहू द्यावे.

त्यानंतर क्रमांक. नळी, खिट्टी, खालचा पत्रा, पट्ट्या अशा अनेक भागांवर तोच क्रमांक किंवा त्याचे शेवटचे दोन आकडे असतात. सगळे जुळले तर बंदूक कारखान्यातून निघाली तशीच आहे. जुळले नाहीत तर ती मधे कुणीतरी उघडून पुन्हा बांधली आहे. युद्धानंतर रशियनांनी पकडलेल्या लाखो रायफली ढिगांनी उघडल्या, पुसल्या आणि हाताला येईल तो भाग घालून पुन्हा जोडल्या. त्यांतल्या पुष्कळांवर फुलीची खूण असते. युगोस्लाव्हांनी जर्मन शिक्के खरवडून आपले उठवले. १९४८ साली चेकोस्लोव्हाकियाने अशा हजारो रायफली नव्याने जन्मलेल्या इस्राएलला विकल्या. ज्या शिक्क्याखाली ज्यूंचा संहार झाला तोच शिक्का असलेल्या बंदुका घेऊन ज्यू शिपाई लढले. वस्तूला मत नसते, ती ज्याच्या हाती तिच्या कामाची. हौशी ग्राहकांसाठी न जुळणाऱ्या बंदुकांवर नवे आकडे ठोकून त्या ‘अस्सल’ करणारेही जगात कमी नाहीत. जुन्या काळसर झिलईवर ताज्या ठोक्याच्या कडा चमकताना दिसल्या की समजावे, पाणी कुठेतरी मुरते आहे.

शेवटची खूण घडणीची. १९३८-३९ ची रायफल पाहा आणि १९४४-४५ ची पाहा. पहिलीवर कातकाम गुळगुळीत, झिलई गर्द. दुसरीवर हत्यारांचे ओरखडे तसेच, पट्ट्या पत्र्यातून ठोकून काढलेल्या, संगिनीची खुंटी कधी गायबच. जर्मनी हरत चालल्याचे पुरावे शोधायला जाडे ग्रंथ नकोत, या दोन बंदुका शेजारी ठेवल्या की पुरे. माझ्या मते अशी शेवटच्या वर्षातली ओबडधोबड बंदूक सुंदर बंदुकीपेक्षा अधिक मोलाची आहे, जरी बाजार तसे मानत नसला तरी.

पण श्रोतेहो, लोखंड पाहून झाले की माणूस पाहिला पाहिजे. ही रायफल जर्मनाकडून आपल्या माणसाच्या हाती कशी यावी? त्या युद्धात हिंदी सैन्यात सुमारे २५ लाख माणसे होती. इटलीत आपल्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन लढल्या; पाच हजारांवर हिंदी जवान त्या देशात कामी आले. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात पळसगाव आहे. तिथला नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचा, वय २२. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्याखेरीज सारे पडले किंवा जायबंदी झाले. तो एकटा धावला. हातबॉम्ब टाकून त्याने तोफ बंद केली, एकाला टॉमीगनने मारले, आणि गोळ्या बदलायला उसंत नाही म्हणून तीच गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणले. तिथेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्याला गाठले. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचा देह सापडला नाही. इटलीत कासिनोच्या स्मारकावर त्याचे नाव आहे, आणि इकडे माणगावात त्याचा पुतळा आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाचे छायाघड्याळ उभारले. पुढच्याच वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनियो नदीवर नामदेव जाधव या नगर जिल्ह्यातल्या मराठा शिपायाने तोच मान जिवंतपणी मिळवला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जर्मन बंदूक खांद्याला लावलेले हिंदी लोकही होते. आफ्रिकेत पकडलेल्या युद्धकैद्यांतून सुभाषबाबूंनी जर्मनीत आझाद हिंदची पलटण उभी केली होती. सुमारे तीन हजार माणसे. त्यांचे कपडे जर्मन, शस्त्रे जर्मन, बाहीवर झेपावणारा वाघ. आणि त्याच काळात इथे आपल्या मुरबाड तालुक्यात, सिद्धगडच्या रानात, माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता इंग्रजांच्या विजेचे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच पडले. एकाच जिल्ह्यातला एक मुलगा सरकारी रायफल घेऊन सातासमुद्रापार, दुसरा त्याच सरकारच्या गोळीला छाती देऊन सिद्धगडावर. कोणाला शूर म्हणावे, असे मुले विचारतात. शिक्षकांनी घाईने उत्तर देऊ नये. दोन्ही घरची कागदपत्रे जमवावीत.

म्हणून बंदुकीपेक्षा आधी जपायचे ते तिच्या भोवतीचे. डिस्चार्ज बुक, पेन्शनीचा कागद, फोटो, पत्रे, पदके. पदके पितळी म्हणून मोडीत घालू नका. हिंदी जवानांच्या पदकांवर पुष्कळदा काठाला किंवा पाठीला नंबर आणि नाव कोरलेले असते, त्यावरून पलटण लागते. ‘इटली स्टार’ असेल तर इटली, ‘बर्मा स्टार’ असेल तर ब्रह्मदेश. आजोबांनी जर्मन बंदूक आणली म्हणतात आणि पदक फक्त बर्मा स्टार आहे, तर गोष्टीत काहीतरी उलटसुलट झाले आहे असे धरून पुन्हा विचारावे. म्हातारी माणसे खोटे बोलत नाहीत, पण आठवणींचा गुंता होतो.

आता जतनाचे. आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे हवा. खाडीचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत पोलाद टिकवणे सोपे नाही. त्यात एक रसायनशास्त्राची गोष्ट आहे, विज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल. त्या काळच्या बहुतेक लष्करी काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. ते नळीत बसते आणि हवेतली ओल ओढून घेते. तेल मीठ विरघळवत नाही, पाणी विरघळवते. म्हणून जुने शिपाई गोळीबारानंतर नळीत आधी उकळते पाणी ओतत, मग कोरडी करून तेल लावत. नळीच्या आत खड्डे पडलेले दिसले तर समजावे, कुणीतरी पाणी न ओतता नुसते तेल लावून ठेवले होते.

गंज दिसला की आपला हात चिंचेकडे, राखेकडे किंवा काचकागदाकडे जातो. तो आवरा. घासून चकचकीत केलेली बंदूक मेली. काळसर झिलई हा तिचा कातडा; तो एकदा गेला की पुन्हा येत नाही आणि त्याबरोबर अक्षरेही जातात. कोरड्या मऊ सुती फडक्याने धूळ काढावी, पोलादाला तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, लाकडाला फार तर पातळ मेण. लाकूड मुळात अक्रोडाचे किंवा पातळ फळ्या चिकटवून केलेले असते. त्याला वार्निश चोपडू नये. दस्त्यावर कोणी नाव, गाव, खाचा कोरल्या असतील तर त्या भरू नयेत. चामड्याच्या म्यानात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवू नये, दोन्ही ओल धरतात. उभी ठेवायची तर तोंड खाली, म्हणजे तेल लाकडात झिरपत नाही.

खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. जरूर व्हावी. मात्र हळद-कुंकू ओल्या बोटाने पोलादावर लावले की दिवाळीपर्यंत तिथे तांबडा ठिपका उमटतो. शेजारी पाट मांडून त्यावर सुपारी ठेवावी आणि पूजा तिची करावी. बंदुकीला फूल वाहिले तरी चालते, तेही संध्याकाळी उचलावे.

पण हे सारे करण्यापूर्वी कायदा. १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो की परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगणे गुन्हा आहे, मग ते आजोबांचे असो वा पणजोबांचे. परवानाधारक वारला तर वारसाला तो परवाना आपोआप मिळत नाही. अशा वेळी कलम २१ प्रमाणे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. जी बंदूक दुरुस्त करूनही चालू शकत नाही अशा पुराणवस्तूला कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती चालू शकते की नाही हे आपण घरी बसून ठरवायचे नसते. कलम ८ तर आपल्या इतिहासाच्या बाजूचेच आहे: बंदुकीवरचा ओळखक्रमांक घासणे, बदलणे हा गुन्हा आहे. घाबरून कानशीने आकडे उडवणाऱ्याने इतिहासही बुडवला आणि खटलाही ओढवला.

ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी इथली परवान्याची कामे ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे, आणि मुरबाड-शहापूरसारख्या ग्रामीण भागातली जिल्हाधिकाऱ्यांकडे. नदीत फेकून देणे हा उपाय नव्हे. उन्हाळ्यात उल्हास नदीचे पाणी आटले की तीच बंदूक दुसऱ्याच्या पोराच्या हाती लागते. गावच्या पोलीस पाटलाला आणि दोन जाणत्या माणसांना बरोबर घ्यावे, आधी ठाण्यात कळवावे, आणि पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे ती सुपूर्द करावी. संग्रहालयात जावी अशी इच्छा असेल तर तसा लेखी अर्ज त्याच वेळी द्यावा.

सुपूर्द करण्यापूर्वी ठाण्यातच, अधिकाऱ्यांच्या परवानगीने, शिक्षकांनी एक कागद भरावा. कारखान्याची अक्षरे, साल, सारे क्रमांक, शिक्क्यांची हाताने काढलेली चित्रे, लाकडावरच्या खाचा, ती कोणी, कुठून, कोणत्या साली आणली असे घरचे म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत, आणि सांगणाऱ्याचे वय. त्याच्या दोन प्रती कराव्यात, एक शाळेच्या दप्तरी आणि एक घरी. घरच्या प्रतीला पोलिसांनी दिलेली पावती टाचून ती डिस्चार्ज बुकात ठेवावी.